चिखल्याच्या मायचं बाळ

माझा बाप घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते. आंधळगावात कोणालाही विचारा, कवडू मूर्तीवाला म्हटलं की आधी हसतील अन् मग घर दाखवतील. विजा चमकायला लागल्या की बाबा टीव्हीचा वायर काढतात, मोबाईल बंद करून पिठाच्या डब्यात ठेवतात. पोलिसांची गाडी नुसती रस्त्यानं गेली तरी हातातली बिडी विझवतात. एकदा साखर तपासायला नर्सबाई घरी आली, तर हा माणूस मागच्या दारानं निघून बोडीच्या पाळीवर जाऊन बसला. बोडी म्हणजे आमच्या घरामागचं लहान तळं. नर्सबाई चहा पिऊन गेली तरी हे तिथंच.

अन् असा माणूस देव घडवतो. आम्ही कुंभार. दोन एकर धान आहे, पण बाबांचा खरा जीव मातीत. पोळ्याचे बैल, जन्माष्टमीचे कान्होबा, मग गणपती, मग शारदा. मोहाडीचं एक मंडळ दरवर्षी त्यांच्याकडूनच मूर्ती नेतं, कारण बाबांच्या देवाच्या चेहऱ्यावर राग नसतो. लोक म्हणतात, कवडूचा गणपती पाहिला की घरचं माणूस भेटल्यावानी वाटते.

एक नियम मात्र आमच्या घरात दगडाचा. मूर्ती खंडित झाली की जोडायची नाही. बोट तुटो, कान तुटो, हळद-कुंकू लावायचं, दही-भाताची शिदोरी द्यायची अन् पाण्यात शिरवायची. शहरात विसर्जन म्हणतात त्याला, आम्ही शिरवणं म्हणतो. एका वर्षी चतुर्थीच्या दोन दिवस आधी चार फुटी गणपतीची करंगळी तुटली. एम-सील लावलं असतं तर कोणाच्या बापाला समजलं नसतं. पण आईनं लगेच दही विरजलं, बाबांनी तो गणपती शिरवला अन् तोंडात पाणी न घेता दुसरा उभा केला.

मी हर्षा, यांची थोरली. साकोलीला दिली मला. भुपेंद्रचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, बस स्टँडजवळ पंखे-मोटारी दुरुस्तीचं दुकान आहे, गल्ल्यावर मी बसते. गिऱ्हाइकांशी बोलून बोलून माझी भाषा जरा सुधारली, असं मला वाटते. माहेरी आले की दोन दिवसांत 'का'च्या जागी पुन्हा 'काहून' अन् 'कायले' सुरू होते.

मागच्या वर्षी मला सातव्या महिन्यात कळा आल्या. भंडाऱ्याला नेलं. पोरगा झाला, पण तो रडलाच नाही. मी बेशुद्धीत होते, भुपेंद्र रक्ताच्या बाटलीसाठी धावत होते, आई माझ्या उशाशी. बाळाला बाबा घेऊन गेले अन् गावी आणून शेताच्या बांधाजवळ पुरून आले. मी पाहिलं नाही. आईनंही पाहिलं नाही. एकट्या बाबांनी पाहिलं. घरी आल्यावर आईनं सगळ्यांना ताकीद दिली, "ह्या घरात त्याचं नाव निघालं नाही पाहिजे. आठवन काढली की तो पुन्हा पोटात येते अन् पुन्हा जाते." कोणी बोललं नाही. मीही नाही. मला विचारायचं होतं, पण आईच्या त्या बोलण्याची मला आतून भीती बसली होती. खरंच गेला तर, असं वाटायचं.

तर यंदा डिसेंबरात मी बाळंतपणाला आले, नववा नुकता लागलेला. आई घाबरली की ओरडते. बाबा घाबरले की त्यांचं पोट बिघडते. मी आल्यापासून घरात दोन्ही सुरू होतं. चिंचेखालून जाऊ नको, उंबऱ्यावर बसू नको, मोबाईल पोटावर ठेवू नको. रात्री कूस बदलली तरी आई अंधारातून विचारायची, "काय झालं वं?" मी चिडायची. पण बाळ तासभर हललं नाही की मीच पोटाला बोट टोचून पाहायची.

सोळा तारखेला दुपारी एक म्हातारी दारात आली. साठीची असेल, ठेंगणी, छातीशी शालीत गुंडाळलेलं काहीतरी धरलेलं. मला वाटलं नातू असेल. तिनं तुमसरवरून एसटीत, मग ऑटोत ते असंच धरून आणलं होतं. नाव सुशीलाबाई, चिखल्याहून आलेली. नवरा मँगनीजच्या खाणीत होता, तो वारला. मूळची जशपूरकडची, पण चाळीस वर्षं इथंच, त्यामुळे अर्धं हिंदी, अर्धं आपलं. खाणीच्या वस्तीत पाच-सहा ख्रिस्ती घरं आहेत, त्यांची प्रार्थनेची एक खोली आहे. तिथं झाडायचं, पुसायचं, मेणबत्ती लावायची हे तिचं काम.

तिनं शाल उघडली. दीड हात उंचीची बाई, प्लास्टरची, अंगावर निळी ओढणी. डावा हात कोपरात वाकवलेला, अन् त्या हातात काहीच नाही. बाळ वेगळं होतं, माझ्या तळहाताएवढं, कमरेपासून निखळलेलं. एक हात वर, दोन बोटं उभी, डोळे टक्क उघडे.

"क्रिसमस के लिए पुसत होती," सुशीलाबाई बोलली. "हात से छूट गया. किसी को बताया नहीं, भैया. पच्चीस को फादर येतात मिस्सा करायला. सब लोग येतात. जोडून द्या."

बाबा दोन पावलं मागे सरले. "बाई, आमच्यात खंडित मूर्ती जोडत नाही. शिरवतात."

"हमारे में ऐसा नहीं रहता. टूटा तो जोड़ते."

"तुमचा देव हाय तो. माझ्या हातानं काही कमी-जास्त झालं तं? नाही जमत, माफ करा."

ती तिथंच खाली बसली अन् रडायला लागली. आवाज न करता रडत होती, नुसते खांदे हलत होते. मग तिची नजर माझ्या पोटावर गेली. "बेटी, तू बोल न इनको."

अन् मी बोलून बसले. माझं तोंड असंच आहे. "ठेवून जा मावशी. होते काम. बाबा, त्यांच्यात चालते म्हणून राहिल्या न त्या?"

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना विहिरीत ढकललं. पण पोरीला नाही म्हणायची हिंमत त्यांच्यात कधीच नव्हती. तेवीस तारीख ठरली. सुशीलाबाईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला अन् गेली.

आई शेतावरून आली तेव्हा दोन्ही मूर्त्या छपरीत तरटावर मांडलेल्या होत्या. छपरी म्हणजे बाबांची कामाची जागा. आईनं पाहिलं अन् तिचा चेहराच उतरला. "पोटुशी पोरगी घरात, अन् तुम्ही तुटलेलं बाळ आनून ठेवलं? कायले? कोनाच्या सांगन्यावरून?"

"माझ्या," मी बोलले.

"तू छपरीत पाय ठेवू नको. तिकडे पाहू बी नको."

पाहू नको म्हटलं की मी पाहणारच. दोन दिवस बाबा त्या मूर्तीभोवती नुसते फिरले, हात लावेनात. अठराला आई नदीवर गेली अन् मी छपरीत शिरले. बाळ उचलून पाहिलं. हलकं होतं. ती बाई तशीच उभी, हात वाकवून. तिच्या त्या रिकाम्या हाताकडे पाहून माझ्या अंगावर काटा आला. मागच्या वर्षी दवाखान्यात शुद्ध आल्यावर माझा हात असाच कुशीत वाकलेला होता, हे मला एकदम आठवलं. मी बाळ खाली ठेवलं अन् पळाले.

त्याच दुपारी माझ्या पोटात कळा सुरू झाल्या.

मला काही सुचेना. आई ऑटोवाल्याला शिव्या देत होती, बाबा गाडीच्या मागे चपलेविना धावत होते. मोहाडीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, पोटाला मशीन लावलं. बाळाचे ठोके ऐकू आले तेव्हा मी हमसून हमसून रडले. खोट्या कळा होत्या. आराम करा, घाबरू नका, असं त्या बोलल्या. घाबरू नका म्हणायला डॉक्टरला काय लागते! येताना आई ऑटोत एक शब्द बोलली नाही. ओरडणारी बाई गप्प बसली की समजावं, तिनं मनात काही ठरवलं आहे.

वीस तारखेला सकाळी बाबांनी मन घट्ट केलं. अंघोळ केली, अगरबत्ती लावली, तार अन् एम-सील घेतलं अन् छपरीत गेले. दोन मिनिटांत बाहेर.

"हर्षाची माय, बाळ कुठी गेलं?"

आई धान पाखडत होती. तिनं सूप थांबवलं नाही. "शिरवलं."

"काय?"

"शिरवलं मी. काल, बोडीत."

बाबा तिथंच भिंतीला टेकले. मी खाटेवरून उठायला गेले तर आई माझ्यावरच ओरडली, "झोप तू! उठू नको!" अन् मग सूप फेकून बाबांकडे वळली. "काहून पाहून राहिले असे? खंडित मूर्ती घरात ठेवता, त्यातून लेकराची मूर्ती! परवा पोरीचं काय झालं ते नाही पाह्यलं? मागच्या बारीले मी गप राहिली. आता नाही राहत. मी काही कचरा टाकल्यावानी नाही टाकलं त्याले. अंघोळ घातली. हळद-कुंकू लावलं. नव्या खणात गुंडाळलं, दही-भाताची शिदोरी देली. सांगतलं त्याले, बापा, माफ कर, पन माझ्या पोरीवर तुझी सावली नको पडू देऊ."

खरं सांगते, मला राग यायला पाहिजे होता. पण मला क्षणभर बरं वाटलं. गेलं एकदाचं, असं वाटलं. मग लगेच त्या म्हातारीचे हलणारे खांदे आठवले अन् माझी मलाच लाज वाटली.

माझा बाप पाण्याला घाबरतो. पोहता येत नाही. गणपती शिरवतानाही घोट्याच्या पुढे जात नाही, मंडळाची पोरं हसतात. तो माणूस त्या थंडीत छातीएवढ्या पाण्यात उतरला. पायानं गाळ चाचपत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. मी पाळीवरून ओरडत होते, "बाबा, निघा न! बाबा!" धुरपता काकू शेजारच्या अंगणातून विचारत होती, काय हरवलं म्हणून. आई बोलली, "भांडं पडलं." तास-दीड तासानं बाबा बाहेर आले ते हातात आईचा रिकामा खण घेऊन. एवढंसं बाळ, गाळात रुतलं की हाती लागत नाही. त्यांचे दात वाजत होते, ओठ काळे पडले होते. आईनं शेकोटी पेटवली अन् त्यांच्या पायाला राख चोळत बसली.

मग खरी भीती सुरू झाली. बाबा घोंगडीत बसून एकच म्हणत होते, "त्यांचा देव बुडवला आपन. आता पोलीस येतील. मोबाईलवर फिरवतील लोकं. कुंभारानं येशू बुडवला म्हनून लिहितील." मी म्हणणार होते की काही होत नाही. पण माझ्याही मोबाईलवर रोज काय काय येते ते मी पाहते. कुठल्या गावात काय झालं, कोणी कोणाच्या देवाला काय केलं, अन् मग दुकानं बंद. भुपेंद्रला फोन केला. ते बोलले, "कोनाले सांगू नका. दुसरं बनवा, तसंच रंगवा, देऊन टाका. कोनाले समजते?" आईनं जोरजोरात मान हलवली. हाच एक रस्ता होता. तीन दिवस होते.

पण ते बाळ कसं होतं, हे कोणाला नीट आठवत होतं? बाबांनी भीतीनं त्याच्याकडे धड पाहिलंच नव्हतं. मी सुशीलाबाईला फोन लावला, रंगासाठी फोटो पाहिजे अशी थाप मारली. तिनं मागच्या क्रिसमसचा फोटो पाठवला. चमकीच्या माळेमागं बाळाचं तोंडच दिसत नव्हतं.

मग मी मोबाईलवर चित्रं शोधली. बाप्पा, किती ती चित्रं! हजारो. कुठं ती बाई गोरी, कुठं काळी, कुठं सोनेरी पाटावर, कुठं आपल्या बायकांसारखी लुगड्यात. बाबा घोंगडी पांघरून माझ्या खांद्यावरून पाहायला लागले. पाहता पाहता त्यांचं थरथरणं थांबलं. कारागीर आहे शेवटी.

"हे पोरगं पोरासारखं नाही," एका जुन्या चित्रावर बोट ठेवून ते बोलले. "तोंड बुढ्याचं हाय. अन् ह्या बाईच्या हातावर पाह्य, वजन नाही लेकराचं. नुसतं ठेवलं हाय." मग दुसरं. "हे बरं हाय. इथं बोटं रुतली मांडीत."

"बाबा, ही कोणीच हसत नाही," मी बोलले. आपली यशोदा कशी, कान्होबाकडे पाहून हसते. ह्या सगळ्या बायका भलतीकडेच पाहत होत्या. बाळ छातीशी, अन् नजर दूर कुठंतरी. मला ते पाहवेना, अन् मोबाईल खालीही ठेववेना.

संध्याकाळी सुशीलाबाईनंच फोन केला, काम कुठवर आलं विचारायला. मी आणखी एक खोटं बोलले, होत आलं म्हणून. मग राहवलं नाही, विचारलं, "मावशी, तुमची ही माय हसत काहून नाही?"

"उसको पहले से मालूम था न बेटी," ती बोलली. "बच्चा जाएगा करके. एका बुढ्या बाबानं मंदिरात सांगितलं होतं तिला. मालूम था, फिर भी पकड़ के रखी."

मी फोन ठेवला. माझ्या पोटातलं बाळ तेव्हा हलत होतं अन् मी दोन्ही हातांनी पोट धरून बसले होते. मला वाटलं, मला कोणी असं सांगितलं तर मी वेडी होईन. मग वाटलं, मला तरी दुसरं काय वाटून राहिलं आहे रोज?

बाबांनी छपरीचं दार लावून घेतलं. एकवीसला दिवसभर आतून खरवडण्याचा आवाज. जेवायला बोलावलं तर दारातूनच ताट घेतलं. आई दाराशी जाऊन परत यायची. "कसं होऊन राहिलं?" तर आतून नुसतं "हूं."

अन् बावीसला दुपारी, ठरल्याच्या एक दिवस आधीच, सुशीलाबाई दारात. "नींद नहीं आती, बेटी. झालं असेल तर घेऊन जाते."

आईनं माझ्या दंडाला चिमटा काढला अन् कानात बोलली, "तोंड उघडू नको." बाबांनी दार उघडलं. त्यांच्या भुवयांवर प्लास्टरची पांढरी धूळ. मूर्ती चौरंगावर होती, वरून ओलं फडकं. बाबा कोपऱ्यात जाऊन उभे राहिले, शाळेत मार खायला उभं राहतात तसे.

सुशीलाबाईनं स्वतःच्या कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावला अन् फडकं काढलं. बाळ त्या निळ्या ओढणीवालीच्या हातात बसलं होतं. जोड कुठंच दिसत नव्हता. मी सुशीलाबाईच्या तोंडाकडे पाहत होते.

ती वाकली, बाळाच्या तोंडाशी तोंड नेलं. मग हळूच बोलली, "ये हमारा नहीं है."

तिनं बाळाच्या गालावरून बोट फिरवलं.

"तीस साल मैंने उसका मुंह पोंछा है. हा तो नाही. हमारा कहां है?"

बाबा खालीच बसले. मी काहीतरी सांगणार, रंग नवा आहे म्हणून तसं वाटते वगैरे, पण त्याआधी आई पुढे झाली. जी बाई मला चिमटा काढून गप्प करत होती, तीच. "मी शिरवलं त्याले. यांचा काही दोष नाही. मी केलं."

"पानी में?"

"हाव."

"डुबा दिया?"

"डुबवलं नाही वं बाई! शिरवलं. आमच्यात देवाले असंच पाठवतात. हळद-कुंकू लावून, दही-भात देऊन. माझी पोरगी... मागच्या वर्षी आमचं एक गेलं. मले भेव वाटलं." आई हात जोडून उभी होती. "पोलिसात नको देऊ. देत असशील तं मले दे."

सुशीलाबाईच्या हातात मोबाईल होता. मला वाटलं आता ही वस्तीतल्या लोकांना फोन लावते. मला वाटलं गाड्या भरून लोक येतील. ती म्हातारी त्या चौरंगासमोर बसली, पदर तोंडावर घेतला अन् रडली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग तिनं नाक पुसलं अन् आईला विचारलं, "दही-भात दिया उसको?"

"देला न बाई. माझ्या हातानं."

तिनं मोबाईल पिशवीत टाकला. पुन्हा मूर्तीकडे वळली. "मैंने गिराया, तूने पानी में दिया. अब किसको बोलूं मैं." मग बाबांकडे पाहून, "पर भैया, इसकी आंख बंद है. हमारे वाले की खुली थी, सामने देखता था. आंख खोल दो. मी घेऊन जाते. मेरे मुंह से बात नहीं निकलेगी."

तेव्हा आम्ही पाहिलं. भीतीपायी पाहिलंच नव्हतं. बाळाचा हात वर होता, दोन बोटं बरोबर होती, पण डोळे मिटलेले. पापण्या नीट घडवलेल्या, पापणीखाली जरा सूज.

बाबा मान खाली घालून बोलले, "मले नाही येत ते."

"नाही येत?" आईची भीती आता रागात उतरली. "आजवर इतके कान्होबे केले, शंभर गणपती केले, अन् आता डोळे नाही येत? हे बाई येवढं समजून घेऊन राहिली अन् तुम्ही..."

"नाही येत, म्हटलं न!" बाबा ओरडले. माझा बाप आईवर ओरडला. मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

मी पुढे झाले. छपरीत पाय ठेवू नको म्हणून कोणी अडवलं नाही. वाकता येत नव्हतं, म्हणून चौरंगाशी बसले अन् त्या बाळाचं तोंड जवळून पाहिलं. चपटं, दमलेलं तोंड. कपाळावर केस अगदी खालपर्यंत आलेले. अन् उजव्या कानापाशी, गालाला लागून, टाचणीच्या टोकाएवढं एक भोक.

तसं भोक माझ्या उजव्या कानापाशी आहे, जन्मापासून. बाबांच्याही आहे. दुसऱ्या कोणाच्या कानाला तसं मी आजवर पाहिलं नाही.

मी बोट त्या भोकावर ठेवलं. मागं वळून बाबांकडे पाहिलं, तर ते माझ्याकडेच पाहत होते, अन् त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"मी दुसरंच काढाले गेलो होतो, बाई," ते बोलले. लाडात आले की ते मला बाई म्हणतात. "त्या मोबाईलातल्यावानी. पन हातातून हेच येत गेलं. मोडून पाह्यलं दोनदा. पुन्हा हेच. एवढं लहान पोरगं मी इतक्या जवळून दुसरं कोनतं पाह्यलंच नाही." मग जरा थांबून बोलले, "डोळे कसे काढू? त्यानं उघडलेच नाहीत. मले माहीत नाही त्याचे डोळे कसे होते."

आईनं झटकन पुढे येऊन माझ्या तोंडावर हात ठेवला. मी विचारणार हे तिला समजलं होतं. तिच्याएवढीच भीती मलाही वाटत होती. आता बोलले अन् पोटातला हाही गेला तर? वर्षभर मी हेच करत आले होते. मी तिचा हात धरला अन् खाली घेतला.

"बाबा, कसा होता तो?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आई मागे सरून दाराशी जाऊन उभी राहिली.

"केस लय होते त्याले," बाबा बोलले. "ओले होते. नाक तुझं. बोटं लांब लांब, भुपेंद्रवानी. नखं बी होती, बारीक. मी मोजली बोटं. सगळी होती." ते बोलत राहिले. इतके महिने गप्प बसलेला माणूस भराभर बोलत होता, कोणी थांबवेल म्हणून घाईनं बोलावं तसा. पाय गार होते, पण पोट अजून जरा गरम होतं. शेतापर्यंत ऑटोत त्यांनी त्याला मांडीवर धरलं होतं. ऑटोवाल्यानं विचारलं तर झोपला आहे म्हणून सांगितलं.

सुशीलाबाई भिंतीला टेकून ऐकत होती. तिची गाडी निघून गेली असेल, पण ती उठली नाही.

"माझे डोळे द्या त्याला," मी बोलले. "माझ्याकडे पाहा अन् काढा."

बाबांनी पटाशी घेतली, मग ब्रश. सुरुवातीला मी त्यांचं मनगट धरलं. मी त्यांच्यासमोर तोंड करून बसले, पापणी न हलवता. मला भीती वाटत होती, अजूनही वाटते, परवा मला भंडाऱ्याला नेणार आहेत. पण मी डोळे मिटले नाहीत. आधी उजवा डोळा झाला, मग डावा.

आई इतका वेळ दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिच्या तोंडून आवाज निघाला तो मला ओळखूच आला नाही.

"कशात गुंडाळलं होतं हो त्याले? थंडीचे दिवस होते."

"माझ्या सदऱ्यात," बाबा बोलले.

त्या दिवशी बाबा नुसत्या बनियनवर घरी आले होते. मला दवाखान्यातून घरी आणल्यावर, नवा सदरा कुठं टाकून आले म्हणून आईनं त्यांना शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर खूप बोल लावले होते, अन् बाबा मान खाली घालून ऐकत उभे राहिले होते.